अतिवाहन

मला ती गाडी आवडली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल, बाई मुळातच कोरड्या, ह्यांना कसली आलीय हौस. हौस आहे. एकतीस वर्षं सांगलीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, तरी गाडी चालवायची हौस आहे. गेल्या ऑगस्टच्या अखेरीला आम्ही हॅरिअर ईव्ही चालवून बघायला गेलो. शोरूममधला मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. कोल्हापूर रस्त्याला लागल्यावर मोकळा पट्टा बघून म्हणाला, "मॅडम, आता बूस्टवर टाकतो. डोकं मागं टेकवा आणि दाबा." मी दाबलं. आवाज नाही, हिसका नाही, गिअर बदलल्याची ठेच नाही. पाठ सीटमध्ये रुतली आणि जत्रेतल्या पाळण्यात होतं तसं पोटात झालं. सहा-सात सेकंदांत आकडा शंभरावर. आणि मी मोठ्यानं हसले. मागच्या सीटवर ह्यांनी दोन्ही हातांनी कडी धरली होती. "अगं, अगं" एवढंच ऐकू आलं.

परत येताना त्या मुलानं विचारलं, "मग मॅडम, मागची दोन चाकं की चारही?"

ह्या एका प्रश्नात मी पुढचे कितीतरी दिवस अडकून पडले. तो गाडीचा प्रश्न होता असं मला आता वाटत नाही.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टाटांची ही विजेवरची एसयूव्ही जून २०२५ मध्ये बाजारात आली. सगळ्यात वरच्या प्रकाराला दोन वाटा फुटतात. एकीत एकच मोटर, मागची चाकं फिरवणारी, ३१५ न्यूटन-मीटर टॉर्कची. दुसरीत पुढच्या चाकांसाठी आणखी एक मोटर. दोन्ही मिळून टॉर्क ५०४, आणि शून्यापासून ताशी शंभरावर ६.३ सेकंदांत. दोन्हीकडं बॅटरी तीच, ७५ किलोवॉट-तासाची. बसायला, बघायला गाडी तीच. तेव्हाची शोरूम किंमत एकीची २७ लाख ४९ हजार, दुसरीची २८ लाख ९९ हजार. एका चार्जमध्ये कागदोपत्री पहिली ६२७ किलोमीटर जाते, दुसरी ६२२.

म्हणजे दीड लाख रुपये आणि पाच किलोमीटर.

मुलगा पुण्यात असतो. फोनवर म्हणाला, "आई, साडेसत्तावीस लाख घालतेसच ना? मग दीड लाखासाठी कशाला जीव काढतेस?" वाक्य बिनतोड होतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की हेच वाक्य मी त्या महिन्यात चार वेळा ऐकलं होतं, आणि चारही वेळा ते बिनतोडच होतं. आम्ही बघायला गेलो होतो २१ लाख ४९ हजारांची गाडी. तिथून पन्नास हजारांची एक पायरी, मग दोन लाखांची, मग एक लाखाची, मग अडीच लाखांची. खालच्या पायरीवर उभं राहून बघितलं की वरची पायरी लहानच दिसते. तळाशी उभं राहून कुणी वर बघतच नाही, कारण तळाशी आपण फार वेळ थांबलेलोच नसतो.

आणि तेव्हा मला अण्णांची वही आठवली.

माझं माहेर वारणाकाठचं. आम्ही जैन, दिगंबर, पण शेतकरी. घरात मराठी, आजीच्या तोंडी मधूनच कानडी. मुंबईकडच्या लोकांना जैन म्हटलं की गुजराती किंवा मारवाडी पेढीवाला आठवतो. सांगली-कोल्हापूरकडं नांगर धरणारे, ऊस-हळद पिकवणारे जैन गावोगाव आहेत, हे सांगितलं की ते नवलानं बघतात. आमच्याकडं जैन देवळाला बस्ती म्हणतात. माझे वडील, म्हणजे अण्णा, चौथी शिकलेले. १९६७ साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला तेव्हा गावातल्या लोकांबरोबर ते जाऊन आले, आणि आल्यावर त्यांनी बस्तीत मुनिमहाराजांसमोर परिग्रह-परिमाण व्रत घेतलं. आपल्याकडं जास्तीत जास्त काय आणि किती असेल, ते आपणच ठरवायचं, बोलून दाखवायचं आणि त्यापुढं जायचं नाही, असं ते व्रत. गृहस्थाची जी पाच अणुव्रतं, त्यातलं हे पाचवं.

अण्णांनी ते कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवलं होतं. जमीन आठ एकर. बैल दोन. म्हशी दोन. घर एक. सायकल एक. सोनं, घरच्या माणसांच्या अंगावर आहे तेवढंच. खाली दिग्व्रत, म्हणजे कुठल्या दिशेला कुठपर्यंत जायचं ते: उत्तरेला पुणे, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला रत्नागिरीचा समुद्र, पूर्वेला कुंथलगिरी. कुंथलगिरी का, तर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना घेतली होती म्हणून. मी मुंबईला शिकायला गेले असते तर अण्णा भेटायला येऊ शकले नसते, म्हणून मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केलं, असं मी गमतीनं सांगते. खरं कारण पैशाचं होतं.

वहीतली जमीन आठ एकर होती, प्रत्यक्षात आमच्याकडं सहाच होती. लहानपणी मला ही लबाडी वाटायची. आहे त्यापेक्षा जास्त लिहायचं, ह्यात कसला त्याग? गावातल्या एका सावकारांनी तर म्हणे पाच लाखांची मर्यादा घेतली होती, जवळ लाखसुद्धा नसताना. अण्णांना मी एकदा विचारलं तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, "सावकाराचं सावकार बघंल. मला आठ पुरं हाईत, नववा एकर कुणी फुकट दिला तरी मला त्येचा विचार कराय लागत न्हाई. झोप लागती."

१९७८ च्या सुमाराला आमच्या बांधाला लागून सव्वातीन एकर विकायला निघालं. पाणी असलेलं रान. आईनं, आत्यांनी, सगळ्यांनी सांगून बघितलं. अण्णांनी दोन एकर घेतलं आणि सव्वा एकर दुसऱ्याला घेऊ दिलं. मोडून घेतलेल्या त्या जमिनीचा वाकडा बांध अजून दिसतो. मोजणीदार दरवेळी विचारतो, हे असं कसं.

पण वहीपेक्षाही मला बैल आठवतात.

उसाचा हंगाम लागला की रात्री दोन-तीनला गाड्या जुंपायच्या आणि दिवस उजाडायच्या आत कारखान्याच्या ओळीत लागायचं. पैसे टनावर. जेवढ्या मोळ्या जास्त तेवढं भाडं जास्त, हे साधं गणित. लाकडी चाकं जाऊन रबरी टायरच्या गाड्या आल्या तसं लोक दोन टनांच्या पुढं भरू लागले. सपाटीला कळायचं नाही. ओढ्याच्या चढाला बैल गुडघ्यावर यायचे, नाकपुड्यांतून वाफा, शिवळांचा करकर आवाज, आणि मागून पराणी. अण्णांची गाडी दीड टनावर थांबायची. वर चार मोळ्या आणखी सहज बसतात असं गडी सांगायचा. अण्णा म्हणायचे, "गाडीत बसत्यात रं. बैलाला इच्यारलंस काय?"

एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. दयाळू माणूस, बस्स.

आम्ही गाडी बघून आलो तेव्हा दशलक्षणाचे दिवस होते. भाद्रपदातले आमचे दहा दिवस, रोज एक धर्म. बस्तीतून आल्यावर माहेराहून आणलेली अण्णांची पुस्तकं उघडली. त्यात समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचाराचं मराठी भाषांतर आहे. दीडशे श्लोकांचा लहानसा ग्रंथ, पण गृहस्थानं कसं वागावं ह्यावर आमच्याकडं त्याच्याइतका वाचला जाणारा दुसरा नाही. प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार त्यात दिले आहेत. अतिचार म्हणजे व्रत मोडणं नाही, व्रताला कडेनं लागलेली कीड. परिग्रह-परिमाणाच्या पाच अतिचारांवर अण्णांनी पेन्सिलीनं रेघ ओढली होती. अतिसंग्रह, अतिलोभ हे कुणालाही सुचतील. अतिविस्मय, म्हणजे दुसऱ्याचं वैभव बघून डोळे विस्फारणं, हा वाचून मी हसले. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो रोज घडतो. अतिभारवहन, जास्त ओझं लादणं. आणि यादीत पहिलाच, अतिवाहन. टीकाकारांनी अर्थ दिला आहे: बैल वगैरे जनावरं जेवढी वाट सुखानं चालतील त्यापलीकडं लोभानं त्यांना हाकणं.

मी तो शब्द दोन-तीनदा मोठ्यानं वाचला. अहिंसेच्या अतिचारांत ओझ्याची गोष्ट येते, ते समजण्यासारखं आहे, जनावराला त्रास होतो. पण इथं तो शब्द परिग्रहाच्या खाली का? तर बैलाला दुखतं हा त्यातला अर्धाच भाग. उरलेला अर्धा गाडीवानाचा. हाकणाऱ्याच्या आत काहीतरी सुटलेलं असतं, आणि ते आठ एकरांच्या आत राहूनही सुटू शकतं. अण्णा बैलाची दया करत होतेच, पण बहुधा स्वतःचीही करत होते.

आता माझ्यासमोर पेच होता. मोटर म्हणजे बैल नव्हे. ५०४ न्यूटन-मीटरला धाप लागत नाही. तिला विचारायचं काय?

मास्तरीण असल्यामुळं मी आधी कागद घेतला. मला मनातून खात्री होती की ती हसू आणणारी सहा सेकंदं भयंकर उधळपट्टीची असणार, आणि एकदा आकडा हातात आला की निकाल आपोआप लागेल. गाडी दोन टनांहून जड आहे. आम्हा माणसांसकट २३०० किलो धरलं. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा सुमारे ८८७ किलोज्यूल. त्याला छत्तीस लाखांनी भागून युनिट काढलं, तर पाव युनिटसुद्धा पुरं भरेना. दोन-अडीच रुपयांची वीज. त्यातलीही काही ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत परत घालते. आमच्या बाल्कनीतला दहा वॉटचा दिवा रात्रभर चुकून चालू राहिला तर दोन-तीन रात्रींत तेवढी वीज जाते.

माझी निराशा झाली, हे कबूल करते. मला पापाचा आकडा हवा होता आणि विज्ञानानं तो दिला नाही. ६२७ आणि ६२२ मधला फरक तर चार्जिंगला उभं असताना गप्पांत जातो. वीज कोळशाची आहे, बॅटरीची खनिजं कुठून तरी उकरलेली आहेत, हे सगळं खरं. पण ते दोन्ही गाड्यांना सारखंच लागू. उलट एक गोष्ट मात्र हिशेबातून कळली, तीही टोचणारी. दोन टनांहून जास्त. म्हणजे अण्णा आपल्या गाडीत जेवढा ऊस भरायला नकार द्यायचे, तेवढं वजन ही रिकामी गाडी स्वतःच आहे. मी एकटी मंडईतून मेथीची जुडी आणायला गेले तरी तेवढं वजन ओढून नेणार. तेव्हा "मागची दोनच चाकं" घेऊन मी काही साधेपणाचा झेंडा लावू शकत नाही. शोरूमच्या भाषेत जे साधं, ते वहीच्या भाषेत आधीच अतिसंग्रहाच्या वाटेवर आहे.

मग ह्यांनी आपला मुद्दा काढला, आणि तो मुलाच्या मुद्द्यापेक्षा भक्कम होता. सासरची चार एकर मळी कृष्णेच्या काठाला आहे. मळीची जमीन म्हणजे पुराचा गाळ, काळी, पावसात लोण्यासारखी. पाणंदीतून जुलै-ऑगस्टमध्ये आमची आत्ताची डिझेल गाडी दोनदा रुतली आणि दोन्ही वेळा ट्रॅक्टर आणून ओढावी लागली. चारही चाकं फिरणारी गाडी तिथून निघेल. "हौसेसाठी नको गं, चिखलासाठी घेऊ," हे म्हणाले.

इथं आमच्या ग्रंथांनी एक सुंदर भेद केला आहे. तीन गुणव्रतांपैकी एकाचं नाव अनर्थदंडव्रत. ज्या क्रियेला प्रयोजन आहे, ती हिंसेची असली तरी गृहस्थाला एका मर्यादेपर्यंत सुटत नाही. शेती म्हणजेच नांगराखाली येणारे जीव. पण जिला काही प्रयोजनच नाही, ती अनर्थ. उगाच झाडाची डहाळी मोडणं, उगाच पाणी सांडणं, उगाच हिंडणं. ह्याला प्रमादचर्या म्हटलंय. भेद असा नेमका आहे की तीच पुढची मोटर पाणंदीत अर्थ आहे आणि कोल्हापूर रस्त्यावर अनर्थ. माझ्या पेचाचे दोन तुकडे झाले. मला अर्थाची मोटर हवी होती, अनर्थाची नको होती. पण कंपनी त्या दोन्ही एकाच डब्यात देते, त्याला कोण काय करणार?

"बूस्टला हात लावू नकोस, झालं," मुलगा म्हणाला. "बटन आहे म्हणून दाबायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

हा युक्तिवाद त्याला वाटतो तितका नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर केलेलीच नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूतली गुंतणूक, तोच परिग्रह असं तिथं आहे. हा ग्रंथ श्वेतांबर आणि दिगंबर दोघंही मानतात. पण त्या व्याख्येवरून दोघांत जो वाद झाला तो शतकानुशतकं चालला आहे. श्वेतांबर म्हणतात, साधूनं वस्त्र ठेवलं तरी मूर्च्छा नसेल तर तो परिग्रह नाही. आमचे आचार्य म्हणतात, वस्त्र आलं की ते धुणं आलं, सांभाळणं आलं, ते फाटेल-हरवेल ही चिंता आली. मूर्च्छेशिवाय वस्त्र टिकतच नाही. म्हणून आमचे मुनी दिगंबर. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, बस्स.

मी गृहस्थ आहे, मला दोन्ही बाजू ऐकता येतात. बटन असून न दाबणारी माणसं जगात असतील. मी त्यातली आहे का? मी तर पहिल्याच दिवशी हसले होते. खरं सांगू, त्या दिवसानंतर आमची जुनी गाडी मला मंद वाटू लागली. अकरा वर्षं जी मला पुरली, ती दुपारी चार वाजून दहा मिनिटांपासून अपुरी झाली. गाडी माझ्या मालकीची नव्हती, एक रुपया दिला नव्हता, तरी मूर्च्छा आली होती. आमच्या आचार्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. वस्त्र अंगावर यायच्या आधीच त्याची चिंता येऊन बसते.

त्या दिवशी चालवताना मी काय बघत होते, ह्याचाही मी नंतर विचार केला. मुनींच्या पाच समिती, म्हणजे सावधपणाचे पाच नियम, त्यात पहिली ईर्यासमिती: चालताना पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं. पावसाळ्यात तेही पुरत नाही, जीव फार होतात, म्हणून चातुर्मासात विहारच बंद. चार हात म्हणजे सहा फूट. मी ताशी शंभरनं एका सेकंदात साठ हात पुढं जात होते, आणि ब्रेकवर पाय न्यायला मला, माझ्या वयात, एक सेकंद नक्की लागतो. रस्ता मोकळा होता असं मी वर लिहिलंय. तो मोकळा होता की मला तसा दिसत होता? मला बाजूचा ऊससुद्धा आठवत नाही. हंगामात ह्याच रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा न लावता चाललेले असतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि सरकारी अहवालानुसार त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर होते. कुत्री, बेडूक, साप कुणी मोजले नाहीत. हिंसेची आमच्याकडची व्याख्या प्रमादापासून सुरू होते. मारायची इच्छा असावीच लागत नाही, भान सुटलेलं पुरतं. मला जो आकडा विजेच्या हिशेबात सापडला नाही तो इथं होता. पण तो मोटरचा नव्हता, माझा होता.

मध्येच एक गंमत. हॅरिअर हे एका शिकारी पक्ष्याचं नाव आहे. मराठीत त्याला भोवत्या म्हणतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या माळरानांवर येतो. वेगासाठी तो मुळीच प्रसिद्ध नाही. गवतावरून अगदी खालून, सावकाश, पंख वर धरून तरंगत इंच-इंच जमीन बघत जातो. वेग हवा होता तर ससाण्याचं नाव ठेवायचं. नाव ठेवणाऱ्यानं नकळत ईर्यासमितीच गाडीला चिकटवली आहे, असं मला वाटतं.

दिग्व्रताबद्दल रत्नकरंडात एक विधान आहे, ते मी पूर्वी नुसतं वाचून पुढं गेले होते. ज्यानं दिशांची मर्यादा घेतली, त्याची अणुव्रतं त्या मर्यादेबाहेर मुनींच्या महाव्रतांसारखी होतात. म्हणजे कसं? अण्णा पुण्याच्या दक्षिणेला शेतकरी होते, लेकुरवाळे होते, कर्जबाजारी होते, बाजारात घासाघीस करत होते. पण पुण्याच्या पलीकडं, तिकडं त्यांच्या हातून काहीच घडणार नव्हतं, काही मिळवायचं नव्हतं, कुणाचं काही घ्यायचं नव्हतं. त्या सगळ्या उरलेल्या जगापुरते ते मुनी होते. नवव्या एकरापुरतेही. "झोप लागती" ह्याचा अर्थ मला चाळीस वर्षांनी लागला. सहा एकर असताना आठ लिहिणं ही लबाडी नव्हती. मर्यादेच्या आत किती आहे ह्याकडं मी बघत होते. अण्णा मर्यादेच्या बाहेर काय-काय सुटलं ते बघत होते. सावकाराचं मात्र तसंच आहे. ज्यानं रेघच क्षितिजावर मारली त्याच्या बाहेर सुटण्यासारखं काही उरत नाही.

आणि शोरूमची चूक, चूक म्हणजे माझी, ही की मी रेघ न मारताच आत शिरले होते. किंमत बघून रेघ ठरवायची म्हटलं की ती प्रत्येक पायरीला वर सरकते, आणि सरकते तेव्हा दरवेळी तिच्याजवळ चांगलं कारण असतं. मुलाचं कारण चांगलं होतं. ह्यांचं त्याहून चांगलं होतं. ह्यांचं कारण मी अजून खोडू शकलेली नाही, आणि ज्यांचं घर दरवर्षी चिखलापलीकडं आहे त्यांनी खुशाल चारही चाकांची घ्यावी. आमची पाणंद वर्षातून दोन महिने चिखलाची असते. त्या दोन महिन्यांत तिकडं मोटारीनंच गेलं पाहिजे का, हा प्रश्न आम्ही अकरा वर्षांत एकमेकांना विचारलाच नव्हता. ट्रॅक्टर आमचाच आहे. अर्धा किलोमीटर अंतर आहे. ह्यांचे पाय माझ्यापेक्षा बरे आहेत.

दशलक्षण संपल्यावर मी एक वही घेतली. अण्णांची वही भावाकडं आहे, ती त्याच्याकडंच राहू दे. माझ्या वहीत मी आधी गाडी लिहिली नाही, वेग लिहिला: ताशी ८०, कुठल्याही रस्त्यावर. मग वाहन: घरात एकच, जुनी गाडी देऊन टाकल्यावर नवी. मग रक्कम. एवढं लिहून झाल्यावर शोरूमच्या मुलाला फोन केला. ८० चा आकडा लिहिल्यावर ६.३ सेकंदांचा प्रश्नच पडला नाही, कारण तो शंभरापर्यंत जायचा वेळ आहे आणि मी शंभरापर्यंत जाणारच नाही. ८० च्या वर जे काही आहे, तेवढ्या प्रदेशापुरती मी आता आर्यिका, म्हणजे साध्वी. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, निदान शंभर तरी लिहायचं होतंस." रकमेच्या रेघेत वरचा प्रकार बसत नव्हता, म्हणून तोही सुटला. एक पायरी खाली, २४ लाख ९९ हजारांची, मागच्या दोन चाकांची, बॅटरी तीच मोठी. वरच्या प्रकारातल्या काही गोष्टी गेल्या, त्यांचं मला दोन दिवस वाईट वाटलं. लहान बॅटरीही पुरली असती, पण श्रवणबेळगोळला २०३० मध्ये महामस्तकाभिषेक व्हायचा आहे, आणि सांगलीहून ते पाचशे किलोमीटरच्या पुढं आहे. ही पळवाट आहे हे मला कळतं.

रत्नकरंडात भोगोपभोगाची मर्यादा कशाकशाची घ्यावी ह्याची यादी आहे. जेवणाच्या लगेच नंतर वाहन येतं. घेण्याचे दोन प्रकार सांगितलेत: मरेपर्यंत घेतली तर यम, ठरावीक काळापुरती घेतली तर नियम. मी नियम घेतला आहे, पुढच्या अनंत चतुर्दशीपर्यंत.